दोन बोटं बाजूला

शेजारच्या जिल्ह्यात ते झालं, आणि आठवड्याभरात
आमच्या चर्चच्या तळघरात एक निळं पिंप आलं.
मिनेसोटाच्या या टोकाला नोव्हेंबरात
दुधावर साय यावी तसा तळ्यांवर बर्फ येतो,
आणि हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस म्हणजे शाळेला सुट्टी.
कुणाला त्याचं काही वाटत नाही.
मलाही वाटलं नव्हतं.

पिंपावर कागद चिकटवलेला: हिंसक खेळ इथे टाका.
टेबलामागे मी. शाळेचा निवृत्त शिपाई,
एकतीस वर्षं त्यांच्या फरशा पुसल्या,
तेव्हा पोरं मला बुजणार नाहीत, हा पाद्रीबाईंचा हिशेब.
प्रत्येक खेळामागे एक कूपन:
हाल्व्हरसनच्या दुकानात काडतुसांवर दहा टक्के सूट.
मी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
कुणी हसलं नाही, म्हणून मीही नाही.

मिसेस कॉस्की आल्या, हातमोजे न काढता,
मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तशी डबी धरून.
"यानंच डोकी फिरतात."
मागून डॉक्टर लुंडीन, "तसं सिद्ध झालेलं नाही, मी वाचलंय."
"मीही वाचलंय."
आवाज चढले. कॉफी निवली.
एका पोरानं नुसतीच डबी दिली, तबकडी घरी ठेवून.
मला कळलं, हे त्यालाही कळलं.
मी कूपन दिलं.

रात्री पिंपातला एक खेळ मी घरी आणला.
चोरला म्हणा.
ऑरिन वर झोपलेला. माझा नातू, पंधरा वर्षांचा;
आईची डुलुथला रात्रपाळी, म्हणून वसंतापासून माझ्याकडे.
त्याचं यंत्र टीव्हीला जोडलेलंच असतं.
पहिल्याच गल्लीत मेलो.
मग सोळा वेळा मेलो, त्यात एकदा भिंतीकडे तोंड करून.
दोघांना मारलंही. एक बहुतेक माझ्याच बाजूचा.
शिसारी येईल म्हणून वाट पाहिली.
आली नाही. थोडी मजा आली, कुठे बोलू नका.
अकरा वर्षांचा असताना खरं हरीण पाडलं
तेव्हा मात्र झुडपामागे जाऊन ओकलो होतो,
आणि वडील शाबास म्हणाले होते.

एक गोष्ट तेवढी डोक्यात अडकली.
पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक आकडा असतो,
किती गोळ्या उरल्या त्याचा. तीस. एकोणतीस.
धावा, पडा, मरा,
तो काही नजरेआड होत नाही.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.
फ्रिजवर कॉफीचा जुना डबा, त्यात कपाटाची किल्ली.
ती तिथे असते हे घराला ठाऊक,
आल्यागेल्याला ठाऊक, कुत्र्यालाही ठाऊक असावं.
फ्रिजवरची धूळ मी पुसत नाही. पुष्कळ पुसली आयुष्यात.
त्या धुळीत एक स्वच्छ गोल होता, डब्याच्या बुडाएवढा.
डबा त्यावर नव्हता.
दोन बोटं बाजूला होता.

मीच सरकवला असेल. रविवारी.
किंवा लेक आली होती तेव्हा साखर शोधताना तिनं.

कपाट उघडलं. तिन्ही रायफली जागच्या जागी,
वडिलांची धरून.
आवाज नको म्हणून टॉवेल अंथरला,
त्यावर खोकं ओतलं, दोन-दोन करत मोजली.
सतरा.

आणि आधी किती होती?

वीसचं खोकं, गेल्या हंगामातलं.
दोन झाडली होती. की तीन?
एक त्या तळ्याकाठी, धुक्यात, कशावर तेही आठवत नाही.
जिन्याच्या चार पायऱ्या चढलो.
दार वाजवून विचारायचं काय?
आतून पलंग करकरला. कूस बदलली असेल.
उतरलो.

टीव्हीवर माझा माणूस अजून तसाच उभा,
बंदूक धरून, कुणीतरी बटण दाबायची वाट बघत.
कोपऱ्यात अकरा.